आईच्या नावाची रजा

आई,

सासूबाई गेल्या तेव्हा मी रजा मागितली. इतकी वर्षं माझा डबा त्यांनीच भरला. साहेब म्हणाले, "सासू नियमात बसत नाही. सख्खे आईवडील असतील तरच रजा." मी अर्जावर सरळ 'आई' लिहून टाकलं. परत कामावर आले, तर पॅकिंगच्या बायकांनी दोन मिनिटं मशीन बंद ठेवली, तुझ्यासाठी. मीही मान खाली घालून उभी राहिले.

काल दादाचा फोन आला. तू अंथरूण धरलंयस म्हणाला. इथे एक खाडा झाला तरी कामावरून काढतात. मी "बघते" म्हटलं.

"निदान शेवटी तरी येशील ना?" त्याने विचारलं.

त्या दिवशीही मी पाळीवरच असेन, आई. तुझ्या नावाची रजा माझी घेऊन झालीय.

तुझी धाकटी