तान्ह्या पोळ्याचा पूल

बाबा, मला निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी अंगातला थकवा काही जात नाही. आज दुपारी पडल्या पडल्या नातवाचा लाकडी नंदीबैल पायाला लागला, तुमची आठवण आली, म्हणून उठून लिहायला बसलो.

आठवतंय ते चामोर्शीचं आपलं घर, पोळ्याची सुट्टी. मी नागपूरच्या कॉलेजातून आलोय आणि पडवीत बसून बांबूच्या कामट्यांचा हातभर लांबीचा पूल जोडतोय. परीक्षेसाठी त्याचा हिशोब द्यायचा आहे: सांध्यावर वजन टांगलं की कोणती कामटी ओढली जाते, कोणती दाबली जाते. तुम्ही धानाच्या बांधीतून चिखलाच्या पायांनी येता, उकिडवे बसता आणि बराच वेळ नुसते बघता. वैनगंगा दुथडी भरलेली, पलीकडे नेणारा डोंगा बंद. मागच्या पावसाळ्यात आईला चांद्याच्या दवाखान्यात न्यायचं होतं, पण डोंगा सुटेना, आणि तिने घाटावरच जीव सोडला. तुम्हाला वाटलं, सरकारने आपल्या घाटाचा पूल मला करायला दिलाय. मी 'तसं नाही' म्हणणार होतो, पण तोवर तुम्ही गावभर सांगून मोकळे झाला होतात.

तान्ह्या पोळ्याला पोरं आपापले लाकडी बैल घेऊन आपल्या अंगणात जमली. तुम्ही पुलाला हळदकुंकू लावलंत आणि बैल चढवायला सांगितलंत. मला अडवणं जमलं नाही. पोरांनी जागा मिळेल तिथे, दोन सांध्यांच्या मधेच बैल उभे केले आणि खालची कामटी कडकन मोडली. पोरं हसली, तुम्ही नाही.

"बैल तं कुठीही उभा राहीन," तुम्ही म्हणालात. "तुह्या हिशोबात ते नाई काय?"

मी चिडलो. वजन सांध्यांवरच येतं असं धरलंय, म्हटलं. खऱ्या पुलाला आडव्या तुळया असतात, त्या वजन सांध्यांपर्यंत नेतात. तुम्ही त्यातलं एकच ऐकलंत.

"म्हंजे खरा टिकन ना?"

"टिकन," मी म्हणालो.

मग तुम्ही माळ्यावरचा बांबू काढून नवी कामटी तासून दिलीत. त्यावर मी पास झालो, नोकरीला लागलो आणि कुठल्या कुठल्या कालव्यांवर माझा जन्म गेला. तुम्ही गेलात तेव्हाही मी दूरच होतो. आपल्या घाटाला पूल झाला, तो दुसऱ्याच कुणी बांधला. चांगला आहे म्हणतात.

हा कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवीन. गावी जाताना मी अजून लांबचा फेरा घेतो. सुनेला सांगतो, तिकडचा रस्ता बरा आहे. रस्ता बरा नाही, बाबा. घाटाच्या पुलावर गेलो तर तुम्ही विचाराल, हा तुहाच ना? आणि मला आजही 'नाही' म्हणवणार नाही.