वाढल्या तर उरल्या किती?

॥ श्री नागनाथ प्रसन्न ॥

औंढा नागनाथ,
भाद्रपद वद्य तृतीया

चिरंजीव नरसिंग यास आक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचून तीन आठवडे झाले. आत निघालं ते असं: शाब्दिक उदाहरणांचं पुस्तक एक, छापील किंमत दोनशे चाळीस, हत्तीच्या आकाराचं खोडरबर एक, तीस रुपये (येवढ्यात साध्या खोडरबरांचा डबा आला असता, आणि सोंड झिजेल म्हणून पोरगी हत्तीनं खोडतच नाही), टपालखर्च पंच्याऐंशी. तुझा खोकला गेला का? रात्री हळद घालून दूध घेत जा, हळद पाठवलेली आहे, ती नुसती डब्यात ठेवायला पाठवलेली नाही. निलमच्या कंबरेचं कसं आहे? कंपनीत दिवसभर उभं राहायचं म्हणजे कंबरेनं तरी किती ऐकायचं.

पुस्तकातली चिठ्ठी वाचली. वैष्णवीला गणितात वीसपैकी सहा गुण पडले, तरी दसऱ्याला येतो, तिला कायमची पुण्याला नेतो आणि शिकवणी लावतो, असं तू लिहिलंस. ने बापा. लेकरू तुझं आहे. तुम्हा दोघांच्या पाळ्या जुळेनात म्हणून दोन वर्षांची असताना माझ्याकडे ठेवलीस, आता तिसरीत गेली. मी काही अडवणार नाही. फक्त ते सहा गुण कसे पडले तेवढं ऐकून घे आणि मग गाडीचं तिकीट काढ.

पोरगीला बेरीज येते, वजाबाकी येते, पाढे तर झोपेत म्हणते. अडतं ते शाब्दिक उदाहरणात. तिचा पेपर घेऊन मी देवापुढे बसले आणि एकेक उदाहरण ताडून पाहिलं. पहिलं असं, की दुकानात बारा बांगड्या होत्या, त्यात चार वाढल्या, तर आता किती? पोरीनं लिहिलं होतं आठ. दुसरं, पोत्यात नऊ किलो तांदूळ होते, दोन किलो वाढले. तिनं लिहिलं सात. दोन्ही बराबर! तरी दोन्हींवर लाल फुली. मला वाटलं बाईंना तपासताना डुलकी लागली असावी, म्हणून पेपर पदराखाली घेऊन तशीच शाळेत गेले.

तिच्या वर्गाच्या नाहिद बाई फार शांत स्वभावाच्या. त्यांनी मला लेकरांच्या बुटक्या बाकावर बसवलं (गुडघे कानाला लागले) आणि विचारलं, "मावशी, बारा बांगड्या, चार वाढल्या, किती?" मी म्हणलं, "आठ. चार फुटल्यावर बारा कशा राहतील?" बाईंनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पेपराकडे, आणि ओढणी तोंडाला लावून जे हसू लागल्या, ते वर्गातली पोरंही हसून राहिली.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्या घरात फुटलं, संपलं, विझलं हे शब्द उंबऱ्याच्या आत येत नाहीत हे तुला माहीत आहेच. बांगडी फुटत नाही, वाढते. तांदूळ संपत नाहीत, वाढतात. नारळसुद्धा फोडायचा नाही, वाढवायचा. आईनं मला तसं शिकवलं, मी वैष्णवीला. मग वाढलं की वजा करायचं, हे पोरगी काही उनाडक्या करून शिकली नाही, संस्कारानं शिकली. (ताटात वाढलेल्या पोळ्या मात्र तिनं मिळवल्या होत्या. तेवढ्यापुरतं शाळेचं आणि घराचं एकमत आहे.) नाहिद बाई म्हणाल्या, "आमची अम्मी पण सांजच्याला 'दुकान बढ़ाओ' म्हणते, बंद कर म्हणत नाही. पण मावशी, पेपर काही तुमच्या देवघरात छापत नाहीत. पंधरा दिवसांनी दुसरी चाचणी आहे. तोवर घरात उघडे शब्द बोला."

मी नागनाथाला आधीच सांगून ठेवलं, की पंधरा दिवस या तोंडातून जे निघेल ते गणित समज, गाऱ्हाणं समजू नको. आणि तुझं पुस्तक उघडलं. पण त्यातली माणसं पोरगीला पटेनात. "हा रोहन कोण? एकटाच चाळीस आंबे काहून आणतो? त्याच्या घरी कोणी विचारत नाही का?" म्हणून मी रोहनला काढलं आणि आपल्या गल्लीतली माणसं घातली. तिथं घोटाळा झाला.

मागल्या मंगळवारी तुझे दाजी हळद घेऊन वसमतला गेले होते. मी भाकरी थापत होते आणि वैष्णवी ओट्यावर बसून, तिच्या सवयीनं, गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात उदाहरण वाचून राहिली होती: "आत्याच्या बांगड्या फुटल्या! आत्याच्या बांगड्या फुटल्या!" शेजारची गोजरबाई नळावर होती. नवरा गावाला गेलेला आणि घरातून बांगड्या फुटल्याची हाक, मग तिनं दुसरं काय समजावं? कळशी तिथंच टाकून ती आत आली आणि माझ्या गळ्यात पडली, "माझ्या बाये, कसं गं झालं!" मला वाटलं तिच्याच माहेरचं कोणी गेलं, म्हणून मीही रडायला लागले. पीठभरल्या हातानं तिची पाठ थोपटून राहिले. ती मला समजावते, मी तिला समजावते, आणि गेलं कोण हे दोघींनाही विचारवत नाही. तोवर अंगण भरलं. गोजरबाईचा मालक दगडोबा तर लाकडं कुठून आणायची ते ठरवायला लागला.

तेवढ्यात वसमतची गाडी आली. तुझे दाजी रिकामी पोती खांद्यावर टाकून दारात उभे. "कोण गेलं?"

गोजरबाई म्हणाली, "तुमीच की वो!"

ते म्हणाले, "व्हय का? मग चहा तरी टाका."

दुःखाला आलेल्या माणसांना चहाविना पाठवता येत नाही, आणि घरात दूध थोडं. मी कप मांडायला घेतले, पण किती टाकायचे तेच कळेना. वैष्णवी पुढं आली आणि म्हणाली, "आत्या, सोळा जण आले होते. चार रागावून गेले. मामा वाढले, म्हणजे शाळेतल्यासारखे वाढले. तेरा कप टाक, अर्धे अर्धे." मी मोजले. तेराच होते. तुझे दाजी दिवसभर ज्याला त्याला सांगत फिरले, की मला पोरीनं मिळवलं, वजा केलं नाही.

तर हे असं आहे. नेणारच असशील तर तिचं स्वेटर धुऊन ठेवते. झोपताना तिला पाय गुंडाळून लागतात, निलमला सांग.

तुझी आक्का,
रुख्मिणी

ता. क. दुसऱ्या चाचणीचा पेपर काल मिळाला. वीसपैकी अठरा. वर लिहायचं विसरले असं नाही, मुद्दामच खाली लिहिलं. सहा पडले तर शिकवणीसाठी नेतो म्हणालास, अठरा वाचून म्हणशील, येवढी हुशार पोरगी औंढ्यात काहून ठेवायची? तेव्हा ध्यानात ठेव, पोरगी पुण्याला न्यावी इतकी कच्ची नाही, आणि न्यावी इतकी पक्कीही नाही.

पुन्हा ता. क. अडवणार नाही असं मोठ्या बहिणीनं लिहायचं असतं. चौथी होईस्तोवर राहू दे. उलट टपाली कळव, फोन करू नको. फोनवर तू "बघू" म्हणतोस आणि मी "बरं" म्हणते. नुसतं "बघू" लिहून पाठवायला पाकिटाचे पैसे कोणी घालवत नाही.