बत्तीस इंची दार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जाग्यावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट वकीलबाईंनी दोनदा बजावले, "मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते, मनातलं नाही." मी म्हटले, "बाई, माझी मालमत्ता चार ओळींत संपते. उरलेला कागद कोरा सोडू का?"

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात घर मी भावाला दिले होते. भावावर प्रेम होते म्हणून नव्हे. धाकट्या बहिणीला मिळू नये म्हणून.

कलम १. शिवणयंत्र, दोन्ही कात्र्या आणि इस्त्री समोरच्या दुकानातल्या शिंपिणीला द्यावी. तीस वर्षे मी गिऱ्हाइकांना सांगत आले की तिची बाही नीट बसत नाही. ती नीट बसते. माझ्यापेक्षा नीट बसते.

कलम २. मापाची फीत आणि मापांची वही इंजिनिअरांना द्यावी. का, ते सांगते.

धाकटी तीन वर्षांची असताना तापात तिचे पाय गेले. ती सहाची झाली, मी बाराची, तेव्हापासून मी तिला पाठीवर घेऊन शाळेत नेले. पुढे कॉलेजात, पुढे ग्रंथालयातल्या नोकरीवर. बसला तीन पायऱ्या, पहिली सोळा इंचांची. तिचे हात माझ्या गळ्यात, घडीची खुर्ची कंडक्टरच्या हातात, आणि मागून कोणीतरी ओरडणार, "अहो, आवरा लवकर!" अशी सव्वीस वर्षे गेली.

ग्रंथालयात बसून धाकटीने कायदे वाचले. बस सगळ्यांची, तर तिची पायरी सगळ्यांच्या पायाची का नाही, असा अर्ज तिने केला. हो-ना करता करता सरकारने नियम ठरवायला समिती नेमली आणि तिलाच सभासद केले. त्या समितीवर हे इंजिनिअर होते. दर रविवारी आमच्याकडे येत आणि माझ्या कापायच्या टेबलावर नकाशे पसरत. पायऱ्यांऐवजी उतार केला तर किती लांबीला किती चढ, थांब्याचा कट्टा किती उंच, यावर दोघे तासन्‌तास बोलत आणि मधेच हसत. उतारात हसण्यासारखे काय असते, मला आजवर कळलेले नाही. मी यंत्र मुद्दाम जोरात चालवी.

एकदा इंजिनिअर म्हणाले, "खुर्ची सव्वीस इंच. दार अठ्ठावीस पुरे."

मी जागेवरून म्हटले, "खुर्ची काय एकटी फिरायला जाणार आहे? चाकं ढकलणाऱ्या हातांची कोपरं धरा. एकतीस भरतात. बत्तीस ठेवा, नाहीतर बोटांची सालं जातील."

त्यांनी फीत मागून घेतली, मोजले आणि लिहून ठेवले. आज प्रत्येक बसचे दार बत्तीस इंच आहे. नियमांच्या पुस्तकात आभाराची अकरा नावे आहेत. छायाचित्रकाराचेही आहे. माझे नाही. इंजिनिअरांनी ही फीत घरात दिसेल अशी टांगावी.

कलम ३. हे कलम मालमत्तेचे नाही. वकीलबाईंनी खोडू नये.

नियमांचा मसुदा तयार झाल्यावर जाहीर सुनावणी झाली. बसमालकांचे म्हणणे असे, की एवढा खर्च कशाला, अशा माणसांना घरचे कोणीतरी असतेच की. त्यांच्या वकिलाने मला उभे केले. धाकटी समोर समितीच्या रांगेत, इंजिनिअरांच्या शेजारी बसली होती.

"तुम्हीच बहिणीला उचलून बसमध्ये चढवता?"

"हो."

"त्रास होतो?"

मला मणक्याचे औषध चालू होते. खरे उत्तर एका शब्दाचे होते. पण त्याच क्षणी इंजिनिअर तिच्या कानाशी वाकून काही बोलले आणि तिने मान हलवली. माझ्या मनात आले, एकदा का या बसला उतार लागला, की हिला माझे काय काम? मी म्हटले, "नाही. मला काही त्रास नाही. माझी बहीण आहे ती."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्या आणि शेवटच्या टाळ्या.

परतताना मी तिला पाठीवर घेतले. थांब्यावर म्हणाली, "ताई, मला खाली ठेव."

"बस आलीय."

"जाऊ दे." मी तिला बाकावर ठेवले. ती म्हणाली, "तुला खरंच त्रास होत नाही?"

"नाही म्हटलं ना."

"मला होतो गं," ती म्हणाली.

पुढची बस आली, मी तिला उचलले.

माझ्या त्या एका वाक्यावर बसमालकांनी नियम चार वर्षे लटकवून ठेवले. सुनावणीनंतर सातव्या महिन्यात बसच्या पहिल्याच पायरीवर माझी पाठ गेली आणि आम्ही दोघी रस्त्यावर पडलो. तिचे मनगट मोडले. माझे तिला उचलणे कायमचे बंद झाले, म्हणून तिची नोकरी गेली. ती घरी बसून माझ्या कपड्यांना बटणे लावू लागली. वाईट लावी, ती झोपली की मी उसवून पुन्हा लावी. नियम होईपर्यंतची ती वर्षे मी सुखात होते. हे लिहायला जड जाते आहे, पण खोटी साक्ष एकदा दिली तेवढी पुरे.

शेवटी नियम झाले. धाकटीने आमच्या पडण्याची हकिगत समितीपुढे मांडली, त्यात एवढेच म्हटले, 'घरच्या व्यक्तीस इजा झाली.' माझ्या साक्षीचा उल्लेख केला नाही, मला दोषही दिला नाही. तो मोठेपणाही तिनेच घ्यावा, याचा मला राग आला. पहिली नवी बस आली त्या दिवशी ती उतारावरून एकटी आत गेली आणि खिडकीशी बसली. मागे वळून पाहिले नाही. तिला नोकरी परत मिळाली, ग्रंथालयाजवळ खोली मिळाली. मी सहा वर्षे तिच्याशी बोलले नाही.

कलम ४. भावाने धाकटीला उभ्या आयुष्यात एकदाही उचलले नाही. "माझी कंबर नाजूक आहे," म्हणे. तिच्या सत्कारात मात्र माइक हातात घेऊन म्हणाला, "आम्ही तिला खांद्यावर वाढवलं." त्या क्षणाचा फोटो कपाटात आहे. तो त्याला द्यावा. दुसरे काही देऊ नये.

कलम ५. तळमजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक धाकटीला द्यावी.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्यांचे ऑपरेशन झाले. घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी खिडकीवर टकटक झाली. धाकटी. दोन बस बदलून, एकटी, मांडीवर डबा घेऊन. जन्मात पहिल्यांदा ती स्वतःहून मला भेटायला आली होती. पण माझ्या दाराला दोन पायऱ्या, आणि दार अठ्ठावीस इंच. पूर्वी, ती इथे राही तेव्हा, मी तिला उचलून आत आणी आणि खुर्ची घडी करून. आताची तिची खुर्ची विजेची, घडी होत नाही. मला खाली उतरता येईना, तिला वर येता येईना. डबा तिने खिडकीच्या गजांतून दिला.

"साऱ्या गावाची दारं मोजलीस तू," ती म्हणाली.

"तू कधी तक्रार केलीस?" मी म्हटले.

"घराला कायदा लागू होत नाही ना गं."

मग ती हसली. इंजिनिअरांशी हसायची तशीच. दुसऱ्या आठवड्यात मी गवंडी बोलावला. आता दार बत्तीस इंच आहे, पायऱ्यांच्या जागी उतार आहे. तो ओला असतानाच शेजाऱ्यांच्या कुत्र्याने त्यावर पंजे उमटवले; ते बुजवू नयेत, त्यांमुळे चाक घसरत नाही. इंजिनिअर येऊन उतार तपासून गेले. बरोबर आहे म्हणाले. मी विचारले नव्हते.

कलम ६. माझे शेवटचे सोपस्कार साधे करावेत. भाषण नको, भावाचे तर नकोच. शववाहिकेला हे नियम लागू नाहीत, मी पुस्तक दोनदा वाचून खात्री केली आहे. तेव्हा धाकटीने आपल्या उताराच्या बसने मागून यावे. कोणीतरी पुढे होईल, "चला ताई, आम्ही उचलून गाडीत बसवतो," म्हणेल. इंजिनिअरही म्हणतील. त्यांनी तिला हात लावू नये. तिला उचलायचे काम माझे होते. ते मी कोणालाही देत नाही.

सही: थोरली (गल्लीतली मापवाली)

साक्षीदार १: दाखला देणारे डॉक्टर
साक्षीदार २: वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंडक्टर. वाचून म्हणाले, "आवरा लवकर" असे ओरडणाऱ्यांत ते नव्हते. नोंद केली आहे.

स्थळ: राहते घर, खिडकीजवळ
तारीख: सात मार्च, दुपारी चार