आईची बादली आणि मागचं डावं चाक

व्हिएन्ना, ईस्टरनंतरचा दुसरा रविवार

तीर्थरूप वेलिबोरमामांना राडिशाचा नमस्कार, आणि रीतीप्रमाणे गालांवर तीन मुके.

मामा, तब्येत कशी आहे? पाठ धरली होती ती सुटली का? गेल्या सालची प्लमची दारू, आपली रकिया, मुरली का (विचारतोय ते केवळ काळजीपोटी), आणि मामींच्या कोंबड्या अजून आमच्या आईच्या वाफ्यात शिरतात का? आम्ही इकडे ठीक. ल्युबिंका माझ्या गुडघ्यावर रागावलेली आहे, गुडघा जिन्यावर रागावलेला आहे, बाकी घरात शांतता आहे.

गाडीचं प्रकरण फोनवर मी अर्धंच सांगितलं आणि तुम्ही दीडपट ऐकलंत, म्हणून आता सगळं लिहून कळवतो. ऑपरेशननंतर माझा उजवा गुडघा दिवसभर पेडल दाबायला तयार नसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून सगळी भिस्त क्रूझ कंट्रोलवर. बटण दाबलं की गाडी आपल्या वेगाने आपण चालते आणि पाय पाहुण्यासारखा बसून राहतो. तेच गेल्या वर्षी बंद पडायला लागलं, तेव्हा ल्युबिंकाने निकाल दिला, की क्रूझ चालत नसेल तर गावाला जायचं नाही, सासूबाईंना फोनवर भेटायचं. म्हणजे बिघाड गाडीचा, पण तुटणार होतं ते माझं आईकडे जाणं. फोनवर आई फक्त जेवलास का एवढंच विचारते आणि ठेवून देते. त्याला भेट म्हणतात का?

बिघाडही मुलखावेगळा. व्हिएन्नाहून गावाला येताना क्रूझ शहाण्यासारखं चालायचं, हंगेरीतल्या धो धो पावसातसुद्धा. गावाहून निघालं की जवळचं नेगोटिन गाठायच्या आतच समोरचा इशाऱ्याचा दिवा लागून बंद, ते थेट नोवी साद मागे पडल्यावर शुद्धीवर. आपल्या नदीपलीकडच्या गावचा गोरोल्युब इथे गॅरेज चालवतो, त्याच्याकडे गेलो. (नम्रता त्याच्या वाट्याला आली नाही, पण हात सोन्याचे आहेत.) त्याने आधी ब्रेकच्या पेडलचा स्विच बदलला. मग स्टिअरिंगजवळची दांडी बदलली. मग आपल्या रस्त्यांना शिव्या घातल्या, मग मला. ल्युबिंका म्हणाली, गाडीला माहेर सोडवत नसेल. शेवटी गोरोल्युब इरेला पेटला आणि आमच्या घरच्या संताच्या सणाला, मित्रोव्दानला, लॅपटॉप घेऊन माझ्याबरोबर आला. त्याने कोबीच्या सार्मा किती खाल्ल्या आणि तुमच्याबरोबर किती वेळ गायला, ते तुम्हीच पाहिलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. तो शेजारी, मांडीवर लॅपटॉप, वायर गाडीत खोचलेली. आणि आई फाटकाशी आली.

आता, निघणाऱ्याच्या मागे पाणी टाकतात, प्रवास पाण्यासारखा सरळ व्हावा म्हणून, हे सगळीकडेच आहे. पण दुसऱ्यांच्या आया पेलाभर पाणी रस्त्यावर सांडतात आणि घरात जातात. आपल्या आईचं माप ठरलेलं. नेगोटिनला पेला, बेलग्रेडला जग, व्हिएन्नाला बादली. आणि तीही रस्त्यावर नाही, चाकावर, कारण (तिच्या मते) प्रवास चाक करतं, रस्ता जागेवरच असतो. मामा, ऐंशीला टेकलेली बाई, गाडी चालू झालेली, आणि अख्खी बादली मागून खालच्या अंगाने बरोब्बर मडगार्डच्या आत. गोरोल्युबला वाटलं, आपल्याला कुणी धडकलं.

पूल ओलांडला आणि दिवा लागला. गोरोल्युबने पडद्यावरच्या चार चाकांच्या आकड्यांवर बोट फिरवलं. मग म्हणाला, “राडिशा, तुझी तीन चाकं निघालीत. मागचं डावं म्हणतंय, मी अजून आईजवळच उभं आहे.” प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा एक सेन्सर असतो. त्यांचं आपसात जमेना, की गाडी क्रूझमधून अंग काढून घेते. तो चिखलात आडवा होऊन खाली शिरला. त्या सेन्सरचं झाकण तडकलेलं होतं, पण अशा कोनात, की समोरून येणारा पाऊस जन्मात तिथे पोचला नसता. फक्त आईचा नेम पोचला. बाहेर येऊन त्याने टोपी काढली आणि गावाच्या दिशेने मान लववली. म्हणाला, “अशी नेमबाजी मी सैन्यातही पाहिली नाही.” मामा, शोधणारा थोर की मारणारी थोर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मला दोघांचाही अभिमान आहे.

नवा सेन्सर बसला, क्रूझ उत्तम चालतंय. मामींना नमस्कार, कोंबड्यांना समज द्यावी.

तुमचा,
राडिशा

ता. क. फोनवर हे मी तुम्हाला एकट्याला सांगितलं होतं. “आईला, तुमच्या स्तामेंकाला, कळू देऊ नका” असंही म्हणालो होतो. संध्याकाळपर्यंत तिला कळलं होतं. ईस्टरला आम्ही परत निघालो तेव्हा ती फाटकाशी हात ॲप्रनखाली घालून उभी होती. पाणी टाकलं नाही. तोंड फिरवून म्हणाली, “इतकी वर्षं तुझं बरं व्हावं म्हणून टाकत होते, आणि मीच तुझी गाडी मोडत होते.” मामा, क्रूझ व्हिएन्नापर्यंत एकदाही बंद पडलं नाही, आणि इतका वाईट प्रवास मी आयुष्यात केला नाही. मला रडू आलं, लिहायला लाज वाटत नाही. तर काम एवढंच: आजच्या आज तिच्याकडे जा आणि सांगा, की निदान चुकलं, वायर उंदराने कुरतडली होती. गोरोल्युब स्वतःला मूर्ख म्हणवून घ्यायला तयार आहे. (त्याला तुमच्या रकियाचं पिंप कबूल केलंय.)

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तोच आईचा फोन आला. उंदराचं राहू द्या. तिने स्वतःच तोड काढली आहे: मागच्या चाकाला सोसत नाही ना, मग पुढून टाकीन. मी म्हटलं, टाक. गोरोल्युबकडून उरलेल्या तीन चाकांचे सेन्सर आणून ठेवले आहेत. पुढच्या चाकांनाही सेन्सर असतात, हे तिला सांगू नका. या वेळी खरंच सांगू नका, मामा.