काजळलेला तारा

तुर्भे, १२ नोव्हेंबर १९९६

चि. सुनयना हिस आशीर्वाद.

तीन वर्षं त्या ताऱ्यांपायी तू दिवाळीला नीट घरी राहिली नाहीस, आणि आता लिहितेस की चौदा डिसेंबरच्या सभेत बोलणार नाही, सरांना नाव मागे घ्यायला सांगते. का, तर हिशेबात बाकीचे तारे एका जागी येतात आणि एक शहाणा लांब पळतो. अगं, मग मी कांदा मार्केटात सगळ्यांना सांगून ठेवलंय त्याचं काय करू?

तूच समजावलंस ना, हे तारे भात्यासारखे फुगतात, आकसतात, एका फेरीला वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि फेरी जेवढी लांब तेवढा तारा अंगचा तेजस्वी. मग इथून तो किती मिणमिणता दिसतो ते बघायचं, की शेजारचं ताऱ्यांचं गाव, तुझी ती दीर्घिका, किती लांब ते कळतं. हौसेराव भावजी म्हणाले, पोरगी हवेत मोजमाप करते. मी म्हटलं, तुम्ही सानपाड्याहून आमच्याकडे येताना चुकता, तुम्ही बोलू नका.

आणि तूच लिहिलंस, हा तारा स्वतःच काजळी ओकतो. गावी एका कंदिलाची काच राखेनं पुसायचं काम तुझं होतं, दुसऱ्याची माझं. रोज टाळायचीस. दोन्ही कंदील एकाच आढ्याला, तरी तुझा लांब वाटायचा. आजही काच न पुसताच मोजलंस का, ते आधी बघ. मग रड.

जेवत जा. माझा लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

तुझी आई,
काशी


पुणे, २५ नोव्हेंबर १९९६

ती. सौ. आईस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रागच आला. काजळी मला ठाऊक होती. विरळ असेल असं धरून पुढे गेले होते; खरं सांगायचं तर टाळलं होतं. काजळीला अडवता येत नाही असा एक उजेड असतो, डोळ्यांना न दिसणारा, उबेच्या जातीचा. दक्षिणेकडच्या दुर्बिणीतून आलेल्या त्या मोजण्या माझ्या कपाटातच पडून होत्या. त्या घेऊन गणित पुन्हा मांडलं. तारा मुकाट्यानं सोबत्यांच्या ओळीत येऊन बसला. तिथून उजेडाला इथं यायला एक लाख साठ हजार वर्षं लागतात. सर म्हणाले, आता बोलायलाच हवं. बोलेन.

तू मात्र यायची दगदग करू नकोस. सगळं इंग्रजीत असतं, कंटाळशील. आबांना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
सुनयना


तुर्भे, २ डिसेंबर १९९६

चि. सुनयना हिस आशीर्वाद.

पत्र आबांना तीनदा वाचून दाखवलं. मग ते चपला घालून निघाले आणि भावजींना घरी जाऊन सांगून आले. गोण्या वाहून पाठ धरली म्हणून आठवडाभर कुरकुरत होते, ती पाठ कुठं गेली कोण जाणे. मार्केटात शकुबाईनं विचारलं, तुझ्या पोरीनं नवं गाव शोधलं का. मी म्हटलं, गाव होतंच, किती लांब ते हिनं सांगितलं.

कंटाळशील म्हणतेस. मी दिवसभर कांदा निवडते, मला कंटाळा शिकवू नकोस. इंग्रजी कळणार नाही, पण माझी पोरगी अडखळली की नाही ते कळेल. चौदाची सुट्टी मुकादमाला सांगून झाली. हिरवी इरकली काढलीय. हाताचा कांद्याचा वास मात्र जाणार नाही, आधीच सांगते.

आता एवढंच लिही. सरांना 'ही माझी आई' म्हणून सांगणार आहेस, की मागच्या बाकावर कुणीतरी बाई म्हणून बसवणार आहेस? दोन्हीला येईन. पण जाणून येईन. नऊ तारखेच्या सोमवारपर्यंत उत्तर हातात पाहिजे.

तुझी आई,
काशी