बॉयलर फुटू शकतो!

३ मार्च, सोमवार
पदवी हातात आली. घरातली पहिलीच. आजपासून घराला शास्त्रीय दृष्टी देणे. सुरुवात बाबा-काकांच्या इंजिनापासून. म्हणजे ट्रॅक्टरचा पणजोबा, वाफेवर चालणारा. दोघांनी वर्षभर घासूनपुसून उभा केलाय, रविवारी मैदानावर लोकांसमोर पेटवणार. बॉयलरचा पत्रा गंजून पातळ झालाय. तपासणी शून्य. बाबांना म्हटलं, फुटेल. म्हणाले, तुझ्या जन्माआधीपासून फुटला नाही, आता तुझ्या भीतीनं फुटणार का?
विचारात पडलेत, हे नक्की.

५ मार्च
काकांनी सेफ्टी व्हॉल्व्हच्या दांडीला वीट बांधली! म्हणे, मेला सारखी वाफ सोडतो, चाकांना जोर उरत नाही. वाफ सोडणं हेच त्याचं काम, यावर मी आकृत्यांसह तासभर बोलले. काकांनी डोळे मिटून, एकाग्रतेनं ऐकलं. शेवटी मान पुढे झुकली. पटलं.

६ मार्च
वीट जागेवरच. घरच्यांवर वेळ घालवणं बंद. आता थेट जनजागृती. लाल अक्षरांत पोस्टर: ‘सावधान! रविवारी बॉयलर फुटू शकतो!’ खाली वेळ आणि मैदानाचा नकाशा, म्हणजे कुठे जायचं नाही ते लोकांना नेमकं कळेल.

७ मार्च
प्रचंड प्रतिसाद. सलूनवाल्यांनी आणखी एक पोस्टर मागून घेतलं. शेजारच्या मावशींनी विचारलं, नीट कुठून दिसेल गं? लोकांना विज्ञानाची केवढी ओढ!

८ मार्च
आई म्हणाली, बाळा, तू लोकांना आमंत्रण देतेयस. आईला प्रसाराचं तंत्र ठाऊक नाही.

९ मार्च, रविवार
तुफान गर्दी. पोरं बापांच्या खांद्यावर. ओरडून ओरडून एकेकाला दोरीमागे ढकललं. मला आयोजक समजून एका आजोबांनी विचारलं, किती वाजता फुटणार? तेवढ्यात इंजिन धुसफुसायला लागलं, वीट थरथरली. आणि बाबांनी स्वतः वीट भिरकावली, भट्टीतले निखारे बाहेर ओढले! गर्दीनं हुर्यो उडवली. उडवू दे. विज्ञान जिंकलं.

जेवताना बाबांना विचारलं, शेवटी माझा कोणता मुद्दा पटला?
बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, मुद्दा कसला डोंबलाचा? सगळे दोरीपलीकडे होते. बॉयलरकडे पाठ करून हातभर अंतरावर तू एकटी उभी. हाका मारून घसा बसला माझा.

उद्यासाठी काही ठरवलेलं नाही.