फ्रेंच क्रीकची जमीन आणि तुमच्या बहिणीचा जबाब

ब्रँडीवाइनकाठ, पेनसिल्व्हानिया
११ मार्च १८०४

माननीय मेहुणे एनोक मॅकलुअर यांस,

थॅडियस क्रेगचा नमस्कार. तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? (उजवा बरा झाल्याचे मागच्या पत्रात होते, म्हणून डाव्याचे विचारतो.) राज्याच्या सभेवर निवडून आलात त्याबद्दल अभिनंदन. उशिरा करतो आहे, पण गेली तीन वर्षे माझे सगळेच उशिरा होते. इकडे गाय व्याली, घराचे छप्पर एका जागी गळते, माझी पाठ होती तशीच आहे, म्हणजे वाईट. तुमची बहीण मात्र ठणठणीत आहे, आणि तिच्या ठणठणीतपणाबद्दलच हे पत्र आहे. मला तुमच्याकडे काहीही मागायचे नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही निवांतपणे वाचाल.

विषय जमिनीचा. तुमच्या वडिलांनी स्वातंत्र्याच्या लढाईत सात वर्षे पाय झिजवले, म्हणून राज्याने त्यांना फ्रेंच क्रीक या ओढ्याच्या काठी दोनशे एकर जंगल दिले. जाताना त्यांनी शेत तुम्हाला ठेवले आणि जंगल तुमच्या बहिणीला, केझायाला. (तक्रार नाही. तुमच्या शेताला कुंपण आहे, आमच्या जंगलात अस्वले आहेत, एवढाच फरक.) ते जंगल इथून तीनशे मैलांवर. तुमच्या वडिलांनी ते पाहिले नव्हते, आम्हीही नाही. मी छप्पन्न वर्षांचा माणूस, कुऱ्हाड घेऊन तिकडे जाण्यात मला काडीचा रस नाही. मला आयुष्यात आता एकच गोष्ट हवी आहे. लँकेस्टरला म्हाताऱ्या रीमचे खोगिरांचे दुकान विकायला निघाले आहे. तिथे माणूस बसून काम करतो. बसून, एनोकभाऊ! तीस वर्षे मी नांगरामागे वाकून चाललो, आता वाकल्यावर सरळ व्हायला मला खांब लागतो. जंगल विकायचे आणि दुकान घ्यायचे, इतका साधा माझा बेत. रीम एप्रिलपर्यंत थांबायला तयार होता.

विकण्यासाठी दलाल नेमला तो लेम्युएल स्प्रॅट. त्याची शिफारस तुमची. (टोमणा मारत नाही, नुसती आठवण.) त्याचे पहिले पत्र वाचून मी हरखून गेलो. जमीन सपाट, काळीभोर, झऱ्यांनी भरलेली. पुढे कळले की हे वर्णन त्याने जमिनीपासून साठ मैलांवरच्या खानावळीत बसून लिहिले होते. दुसऱ्या वर्षी त्याने जमीन विकलीसुद्धा, फक्त ती आमची नव्हती. आपल्या कागदात लिहिले आहे, 'तीन खाचा असलेल्या पांढऱ्या ओक झाडापासून उत्तरेस', आणि त्या मुलखात येणारा-जाणारा प्रत्येक जण जमिनीवर हक्क सांगायला झाडावर तीन खाचा मारत सुटतो. स्प्रॅट चुकीच्या ओकपासून उत्तरेस गेला आणि एका निवृत्त कॅप्टनची दलदल विकून बसला. ते निस्तरता निस्तरता माझ्या नाकी नऊ आले. कॅप्टनने मला जी पत्रे लिहिली ती मी घरात वाचून दाखवू शकलो नाही.

तिसऱ्या वर्षी मात्र स्प्रॅट खरोखर जमिनीवर गेला. ओढ्यात पडला, घोडा लंगडा झाला, कागद भिजले, आणि शेवटी आपला ओक सापडला तर त्याच्या शेजारी धूर निघत होता. बार्बरा श्नेबली नावाची एक जर्मन विधवा आमच्या जमिनीवर घर बांधून राहते आहे. नवरा झाड पाडताना झाडाखालीच गेला. म्हातारी सासू, तीन मुली आणि ती, अशा पाच बायकांनी नऊ एकर साफ करून मका लावला आहे. जमीन कुणाची आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, ओकवर खाचा त्यांनीही मारल्या होत्या. स्प्रॅटने सल्ला दिला की गिऱ्हाईक तयार आहे, पण त्याला जमीन रिकामी हवी, तेव्हा बाईला वसंताआधी हुसकावून लावावे. त्याच पत्रात खाली असेही होते की ओढ्याला पाणी असल्यामुळे तो चार दिवस तिथेच अडकला, आणि मक्याची भाकरी व मेपल झाडाच्या रसाची साखर उत्तम होती.

हे पत्र मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचले. ही माझी चूक. तुमची बहीण पीठ मळत होती, ती थांबली.

"चार दिवस कुणाच्या घरी जेवला हा?"

मी म्हटले, त्या बाईच्याच घरी, दुसरे घर कुठे आहे तिथे.

"आणि तिचंच घर मोडा म्हणून लिहितो? जेवताना घशाखाली उतरलं कसं याच्या?"

एवढे बोलून ती पुन्हा मळायला लागली. मला वाटले, विषय संपला. (एकतीस वर्षे संसार करून मला अजून असे वाटते, यावरून माझी अक्कल ओळखा.)

खरेदीखत आले. आता तुम्ही कायदे करणारे, तुम्हाला मी काय सांगावे, पण बायकोची वडिलोपार्जित जमीन विकायची तर दोघांच्या सह्या लागतात, आणि न्यायाधीशाने नवऱ्याला घराबाहेर काढून बायकोला एकटीला विचारायचे असते की, बाई, ही सही राजीखुशीने करतेस की नवऱ्याच्या धाकाने? आमचे न्यायाधीश पेंटलँड खत घेऊन आले, मला म्हणाले, "क्रेग, जरा बाहेर व्हा." मी लाकडांच्या ढिगाकडे गेलो. अर्ध्या तासाने ते टोपी हातात घेऊन बाहेर आले आणि माझ्याकडे असे बघू लागले, जणू मी कुणाचा खून केला आहे. "राजीखुशी नाही म्हणतात," ते म्हणाले. कारण? कारण सांगण्याची त्यांना मुभा नव्हती.

एनोकभाऊ, यानंतर माझे जे हाल झाले ते विचारू नका. बाई राजी नाही, म्हणजे नवऱ्याचा धाक आहे, असा हिशोब सगळ्या गावाने रविवारच्या आत करून टाकला. मी, ज्याने आजवर कोंबडीलाही मोठ्याने हाकलले नाही! पाद्रीबाबांनी पत्नीशी सौम्यपणे वागण्यावर दीड तास प्रवचन दिले आणि पूर्ण वेळ माझ्याकडे पाहून दिले. लोहाराच्या बायकोने केझायाला वाटेत थांबवून सांगितले की आमच्याकडे एक खाट रिकामी आहे, कधीही ये. आणि तुमची बहीण काय म्हणाली? "बघते" म्हणाली!

पेंटलँड दुसऱ्यांदा आले. या खेपेला मी लाकडे फोडत दीड तास बाहेर. आतून हसण्याचे आवाज येत होते, सफरचंद भरून भाजलेल्या पायचा वास येत होता. उत्तर तेच, राजी नाही. तिसऱ्या खेपेला ते बायकोलाही घेऊन आले, कारण पायची कृती तिला हवी होती. तोवर माझी पुढच्या हिवाळ्यापर्यंतची लाकडे फोडून झाली होती. तिकडे स्प्रॅट लिहितो गिऱ्हाईक चालले, रीम लिहितो दुकानाला दुसरा माणूस आला. मी अगदी हात टेकले.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी तुमची बहीण अंगणात साबण उकळत होती. कढई ढवळायचे काम माझ्याकडे. धुराने डोळ्यांतून पाणी येत होते, पाठीत कळा येत होत्या, आणि मी थकून, अगदी थकून विचारले, "केझाया, तुला नक्की हवंय तरी काय?"

तिने कढईखाली एक लाकूड सरकवले. मग म्हणाली, "अहो, तीन वर्षं झाली. तुम्ही स्प्रॅटला विचारलंत, मोजणीवाल्याला विचारलंत, त्या कॅप्टनला विचारलंत, रीमला विचारलंत. जमीन माझी ना? मला कधी विचारलंत?"

मी म्हटले, हे काय, आत्ता विचारतोय.

"त्या पेंटलँडनं आधी विचारलं. दार लावून, टोपी काढून विचारलं. मला इतकं बरं वाटलं, की म्हटलं, येऊ दे अजून एकदा."

मला रागही आला आणि लाजही वाटली, दोन्ही एकदम, आणि ढवळायचे राहिल्यामुळे साबण उतू गेला. तो आवरल्यावर तिने सांगितले. दीडशे एकर खुशाल विका. ओकजवळचे पन्नास एकर, घर, झरा आणि मक्याचे शेत बार्बराच्या नावावर करायचे, आणि मोबदला म्हणून तिने दर वसंतात मेपलच्या साखरेची एक ढेप पाठवायची. मी म्हटले, अग, झरा गेला तर उरलेल्याला भाव काय येणार, माझे दुकान जाईल. ती म्हणाली, "बाबांनी ती जमीन कागदावर बघितली, आपणही कागदावरच बघितली. तिनं तिथं नवरा पुरलाय. तुमच्या पाठीचं मला कळतं हो, रोज रात्री चोळते मीच. पण तिला बाहेर काढून मिळालेल्या दुकानात मला बसवणार नाही."

काल दोन्ही खतांवर सह्या झाल्या. पेंटलँडने दार लावले, आणि या वेळी मी लाकडांपर्यंत पोचायच्या आत उघडले. राजीखुशीने, म्हणाली. गिऱ्हाइकाने कुरकुरत दीडशे एकर घेतले. दुकान मला अर्धे मिळाले, मागचे, अंधारे. पुढच्या अर्ध्यात रीमचा जावई बसतो आणि दिवसभर बासरी शिकतो. पण बसायला मिळेल. बाकी सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, गुडघ्याला गरम वाळूने शेकत जा.

तुमचा दमलेला मेहुणा,
थॅडियस क्रेग

ता. क. काही मागायचे नाही असे वर लिहिले, ते खोडून वाचावे. तुम्ही आता सभेत बसता, तर एक कायदा आणा. बार्बराच्या खतावर माझी सही घेताना पेंटलँडने लेखणी हातात दिली आणि 'इथे' एवढेच म्हणाले. मी थोडा थांबलो, की आता बायकोला बाहेर पाठवून मला कोणी विचारेल. कुणी विचारले नाही. केझाया समोरच हाताची घडी घालून उभी होती. या राज्यात नवऱ्यालाही वेगळ्या खोलीत नेऊन विचारले गेले पाहिजे, की बाबा रे, राजीखुशीने करतोस की धाकाने? कृपया मनावर घ्यावे. बहुतेक सभासद विवाहित आहेत, मते पडतील.

आणखी ता. क. हे तुमच्या बहिणीला कळवू नका, मला अजून महिनाभर तरी कुरकुरायचे आहे. काल मला तसे आत नेऊन, दार लावून विचारले असते, तर मी राजीखुशीनेच म्हणालो असतो. लगेच म्हणालो असतो. फक्त कुणीतरी विचारायला हवे होते.